शहाजादीचा उपास

कुरुंदवाड,
ता. ३० ऑगस्ट १९०८

लालासाब,

रामराम. सुगरावहिनींना नमस्कार सांग. शहाजादीला काही सांगू नकोस, तिला ऐकू येत नाही. पेटाऱ्यावर माझ्या नावानं एकदा हात ठेव, तेवढं पुरे.

दीड महिना झाला. नऊ फुटी अजगर तुझ्या तबेल्यात ठेवून आलो आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस की हंबीर, हे परत कधी नेणार. घोडे बुजले असतील, वहिनी बोलल्या असतील, तेही तू लिहिलं नाहीस. सर्कशीत बावीस वर्षं काढून मी गुडघा मोडून घरी आलो. मागं राहिलं ते हे एकच जनावर, आणि तेही माझ्या घरात नाही.

तुला सगळं सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो. नातू सयाजी रांगायला लागला त्या आठवड्यात मी परसात शहाजादीला कोंबडी सोडली. जिती. सर्कशीत तशीच सोडायचो, लोक त्यासाठीच तर पैसा फेकत. आमची सून बनाबाई विहिरीवरून घागर घेऊन येत होती, तिनं पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामंजी, तुमचं जनावर हलंल त्येला धरतंय. माझं पोर बी आता हलाय लागलंय." म्हणून पेटारा गाडीत घालून तुझ्याकडं आलो.

काल भाकरी वाढताना बनाबाई आपणहून बोलली. "मेलेलं खाईत असंल तर आणा. परसातली खोली देतो. पर जित्तं काय ह्या घरात मरायचं न्हाय. आनि ते खातंय का न्हाय, मी माझ्या डोळ्यांनी बघणार." मुदतही घातली. तुळशीचं लग्न झालं की त्या खोलीत म्हैस बांधणार.

लाला, तिला मेलेलं खायला शिकव. आषाढातल्या त्या कोंबडीनंतर तिच्या पोटात काही नाही. थंडी पडली की ती होळीपर्यंत तोंड उघडत नाही, आणि उपाशी पोटी ही थंडी ती काढेल असं मला वाटत नाही. मी आलो असतो, पण तेव्हापासून गुडघा आणखी बिघडलाय, गाडीची पायरी चढू देत नाही. तू इतक्या अडेल घोड्यांना वळण लावलंस, हिलाही लाव.

तुझा,
हंबीरराव


कोल्हापूर,
ता. १८ सप्टेंबर १९०८

हंबीर,

सलाम. तुझं काम झालंच समज. म्हणजे अजून झालेलं नाही, पण माझ्या हातात आलंय. गवताचा भारा डोक्यावर घेऊन या गावात आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो, आज स्टेशनावर माझे सात टांगे उभे राहतात. एवढ्या वर्षांत कुठल्या जनावरानं मला हरवलेलं नाही.

आधी घरातली हकीकत ऐक. सुगरानं पहिल्या दिवशी पेटारा पाहून दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून विचारलं, नाव काय हिचं? मी म्हटलं, शहाजादी. झालं! तिच्या मावशीचं नाव शहाजादी. लहानपणी आई गेल्यावर त्या मावशीनंच हिला वाढवलं. आता बाईला त्या नावानं शिवी देता येत नाही. घोड्यांना दिवसभर शिव्या घालते आणि पेटाऱ्याजवळ आली की म्हणते, "मावशी, जरा सरका, झाडायचं हाय."

आमच्याकडं इलाही मुलाणी गुरुवारी येतो, म्हणून गुरुवार धरला. कोंबडी कापून घेतली. मी हात धुऊन येईपर्यंत सुगरानं पिसं काढली, धुतली, मीठ-हळद चोळून ठेवली. मी म्हटलं, अगं, हे सापाला द्यायचंय. "असू द्या की. पावणी हाय. तिला काय तशीच घाण वाढायची?" ठेवली पेटाऱ्यात. शहाजादीनं जीभ काढली, मान फिरवली आणि अशी बसली, जशी लग्नात मानपान राहिलेली वरमाय.

पुढच्या गुरुवारी तबेल्यातल्या सापळ्यात घूस सापडली. मारून ठेवली. हळद नाही, मीठ नाही. शहाजादी आली, वास घेतला आणि घुशीवर डोकं टेकून झोपली. उशी केली तिची! इलाही हसून हसून गवतावर आडवा झाला. "चाचा, तुमी जेवान दिलं का हांथरून?"

काल तिसरा गुरुवार, तोही कोरडा गेला. पण काळजी करू नको. सुगरा तिचं फार करते. गुरुवारी संध्याकाळी ती घरात न् तबेल्यात ऊद फिरवते, ते तुला ठाऊकच आहे. हल्ली पेटाऱ्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबते, नजर लागलीय म्हणते. तो झाला की मग मी ताट वाढतो.

तुझा,
लालासाब


कुरुंदवाड,
ता. २५ सप्टेंबर १९०८

लाला,

तुझं पत्र वाचून हसलो आणि मग लगेच हे लिहायला बसलो.

हळद नको. धुणं नको. पिसं, केस, सगळं अंगावर राहू दे. तिच्या खाण्याला जनावराचा वास पाहिजे, तुमच्या चुलीचा नको. तिला डोळ्यांनी फारसं कळत नाही. तिच्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांना ऊब कळते, आणि जिभेला वास कळतो. थंड घूस म्हणजे तिच्या लेखी दगड. तिनं उशी केली यात तिची चूक नाही.

तेव्हा घूस मारली की पखालीच्या कातड्यात गुंडाळून कढत पाण्यात धर, अंगात ऊब येईपर्यंत. मग शेपटीला दोरी बांधून तिच्यापुढं हलव, बिचकत चालल्यासारखी. आणि सगळा तबेला भोवती गोळा करू नकोस. ती सर्कशीतली असली तरी जेवताना लोक बघतात हे तिला कधीच आवडलं नाही.

एक बजावतो. कंटाळून जितं सोडू नकोस. कोंबडी निदान फडफडते, घूस चावते. सोलापूरच्या मुक्कामात आमच्या एका अजगराला घुशीनं पाठीत फोडलं, आठ दिवसांत गेला. शिवाय एकदा जितं मिळालं की मेलेल्याकडं ती बघणार नाही, आणि मी सूनबाईला तोंड दाखवू शकणार नाही.

हंबीरराव


कोल्हापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९०८

हंबीर,

सगळं ठीक. ऊब दिली, दोरी हलवली. जवळजवळ खाल्लंच होतं. सुगरा तुझ्या गुडघ्याची चौकशी करते. घरातली हळद संपली म्हणून आज आणखी शेरभर आणली. सहज विचारतो, अजगराचा डोळा चांगला आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?

लालासाब


कुरुंदवाड,
ता. १३ ऑक्टोबर १९०८

लाला,

चार ओळींचं पत्र तू जन्मात लिहिलं नाहीस. लहानपणी शेतावरून गावात जायचं तरी तू दारात बसलेल्या कुणाही म्हाताऱ्याला अर्धा तास सांगून जायचास.

शेरभर हळद कोण खातं तुमच्यात? आणि डोळ्याचं सहज कोण विचारतं?

पेटाऱ्यात काय सोडलंस?

मी सूनबाईला काही बोललेलो नाही. तिला वाटतंय सगळं नीट चाललंय, रोज खोली सारवतेय. मी ओसरीवर बसून बघतो. मला खरं लिही. मेली असेल तर तसं लिही. ते सोसेन, पण तुझं हे चार ओळींचं पत्र सोसवत नाही.

हंबीरराव


कोल्हापूर,
ता. ३० ऑक्टोबर १९०८

हंबीर,

जिवंत आहे. आधी एवढं वाच, श्वास घे, मग पुढं वाच.

तू लिहिलेलं सगळं केलं होतं. ऊब दिली, दोरी हलवली, लोकांना हाकललं. पाच गुरुवार झाले, बाईसाहेबांनी जीभ काढायची आणि मान फिरवायची. इलाहीनं स्टेशनावर सगळ्यांना सांगितलं. मग काय, मी स्टेशनावर दिसलो की जो तो टांगेवाला आधी विचारणार, "काय चाचा, जेवली का तुमची शहाजादी?" मला लाज वाटली. खरं तेच सांगतो. तुझ्या जनावराच्या काळजीनं नाही, माझ्या नाकासाठी मी पहिल्या ऑक्टोबरला जिती घूस सोडली. म्हटलं, एकदा तोंड उघडू दे, वळण मग लावू. आणि पेंढा आणायला आत गेलो.

परत आलो तर शहाजादी वेटोळं घालून डोकं लपवून बसलेली आणि घूस तिच्यावर. उजव्या डोळ्याच्या वर फाडलं होतं. मी घूस मारली. पाठीमागं सुगरा उभी होती. ती म्हणाली, "आपल्या दारात पावण्याला चावून घेतलंसा?" आणि घरात होती तेवढी हळद घेऊन आली. मी तुला ते चार ओळींचं पत्र पाठवलं त्या दिवशी जखमेला सूज होती. खरं लिहायला हात धजला नाही. शेरभर हळद त्या जखमेची. सुगरानं स्वतः लावली, सकाळ-संध्याकाळ, बोटानं. जी बाई दाराच्या फटीतून बोलत होती ती! जखम भरली. डोळा शाबूत आहे.

आता पुढचं. टांगेवाल्याचे कान पाठीला असतात, हे तुला माहीत आहे. चाळीस वर्षं मी रस्त्याकडं बघत मागच्या माणसांची बोलणी ऐकली, त्यावरच मी एका टांग्याचे सात टांगे केले. तुझं पत्र आल्यावर मी म्हटलं, आतापर्यंत हे जनावर आपण नुसतं बघितलं, आता ऐकू. दुपारी तबेल्यात बाज टाकली आणि पेटाऱ्याकडं पाठ करून पडलो.

पहिला दिवस काही नाही. पेंढ्याची कुसकुस, घोड्यांची शेपटी. संध्याकाळी सुगरा धुपाटणं घेऊन आली. जखम झाल्यापासून ती गुरुवारची वाट बघत नव्हती, रोज ऊद फिरवत होती, आणि पेटाऱ्यात तोंड घालून फुंकत होती. तिच्या बांगड्या दारात वाजल्या आणि पेटाऱ्यात आवाज आला, फूऽऽस! पुढं किती तरी वेळ श्वास जोरात चाललेला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी सुगराला मोकळ्या हातानं यायला सांगितलं. तीच बाई, त्याच बांगड्या, पण पेटारा गप्प.

तेव्हा तुझी ओळ आठवली, जिभेला वास कळतो. हंबीर, आम्ही दर गुरुवारी आधी तिला उदाच्या धुरात बुडवायचो आणि मग ताट वाढायचो! घुशीला घुशीचा वास येणार कुठून? त्या पेटाऱ्यात सगळ्याला दर्ग्याचा वास.

हे सुगराला सांगायचं कसं, हा दुसरा डोंगर. तिनं ते मायेनं केलेलं. मी लांबून सुरुवात केली, की आपल्या लाल घोडीला कशी शिंक येते... ती म्हणाली, "सरळ बोला की. माझ्या उदानं मावशी उपाशी ऱ्हायली म्हना." आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, तुझ्या उदानं उपाशी राहिली आणि माझ्या घुशीनं फाटली, आता दोघांनी मिळून तिला जेवू घालू. त्यावर ती उठली. पेटारा नदीवर नेऊन घासला, उन्हात टाकला, पेंढा नवा घातला. आठ दिवस तबेल्यात ऊद नाही, विडी नाही. इलाहीनं तर अत्तर लावलंय म्हणून तिनं त्याला दारातून परत पाठवला.

काल गुरुवार. चार वाजता उन्हं तबेल्यात येतात तेव्हा मी मेलेली घूस घोड्याच्या तोबऱ्यात घातली. कातडं जाड आहे, पाणी आत जात नाही. तोबरा कढत पाण्यात धरला. अंगात ऊब आल्यावर शेपटीला दोरी बांधली, दोरी लांब चाबकाच्या टोकाला. मग आम्ही दोघं पाठ फिरवून उभे राहिलो आणि मी मागं न बघता चाबूक हलवत राहिलो, अडेल घोड्याच्या कानापाशी हलवतो तसा, हलका.

आधी काहीच नाही. मग पेंढा सरकला. थांबला. सुगरानं माझी बाही धरली. परत सरकला. आणि थप्प! चाबकाला असा हिसका बसला की हातातून गेला.

वळून बघतो तर शहाजादीनं त्या मेलेल्या घुशीला तीन वेढे घातलेले आणि जीव खाऊन आवळतेय. सकाळी मेलेली घूस ती नव्यानं मारत होती! सुगरा रडता रडता हसायला लागली. "अवो मावशी, मेलीया ती कवाच. गिळा आता!"

गिळली. डोक्याकडून, सावकाश. शेपटीबरोबर माझी हातभर दोरीही गेली असती, मी वेळेवर कापली. रात्री सुगरानं घरात गोड भात केला. तबेल्यातल्या सगळ्यांना वाढला, इलाहीलाही, अत्तरासकट.

मी तुझा गुन्हेगार आहे. पण आठवडाभर तिला हलवता येणार नाही, आणि तुळशीचं लग्न त्याआधी आहे. म्हशीचं काय ते तू बघ.

लालासाब


कुरुंदवाड,
ता. ४ नोव्हेंबर १९०८

लालासाब चाचा यांस बनाबाईचा नमस्कार.

हे पत्र मामंजींना ठाऊक नाही, आपणही सांगू नये. मला वाचता येतं हेही त्यांना ठाऊक नाही. माझं माहेर कसबा बावड्याचं. तिथं तीन इयत्ता झाल्या. या घरात कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मामंजी तुमची पत्रं उशाखाली ठेवतात. अंथरूण मी झाडते. सगळी वाचली आहेत. पहिल्या पत्रात उशीची गोष्ट वाचून मी पदर तोंडात धरून हसले. हळद संपल्याचं वाचलं तेव्हा मलाही कळलं काय झालं असेल, आमच्या घरीही हळद जखमेलाच जास्त लागते. तेव्हा ठरवलं होतं, सांगावं, आणू नका. पण मग मामंजींना बघितलं. दोन महिने झाले, ते अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतात. मी कालवण बदलून बघितलं, ठेचा करून बघितला. विचारलं तर म्हणतात, भूक नाही. मला वाटायचं माझ्यावरचा राग आहे.

काल तुमचं पत्र आलं. ओसरीवर बसून वाचलं, दोनदा वाचलं, आणि हाक मारली, "सूनबाई, भाकरी हाय का गं?" तीन खाल्ल्या. चौथी मागितली.

म्हैस शेजारच्या धोंडुबाईंच्या गोठ्यात बांधली आहे. तिथं ती सुखात आहे. तुम्ही घाई करू नये, जनावराला पचू द्यावं. मग घेऊन यावं. पण मी बोलले ते बोलले. खाताना मी बघणार.

आपली,
बनाबाई


कुरुंदवाड,
ता. २८ नोव्हेंबर १९०८

लाला,

तू पेटारा ठेवून गेलास आणि शिरोळ रोड स्टेशनावर गाडी पकडायला पळालास, म्हणून परवाचं तू पाहिलं नाहीस. पळालास ते भिऊन, हे मला ठाऊक आहे. तिनं खाल्लं नसतं तर तुला पेटारा परत उचलावा लागला असता.

सयाजीला धोंडुबाईकडं ठेवलं. मी घूस तयार केली. तोबरा तू दिलास तोच. पण गुडघ्यामुळं मला नीट उभं राहता येईना, दोरी कशीही हलायची. शहाजादीनं बघितलं आणि मान फिरवली. सूनबाई दारात उभी, हाताची घडी. मी दुसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदा.

"मामंजी, सरा तिकडं."

तिनं माझ्या हातातली काठी घेतली. पदर खोचला. आणि सयाजीपुढं खुळखुळा हलवते तशी घूस हलवली की रे! जरा इकडं, जरा लांब, थांबायचं, परत जवळ. आणि तोंडानं चालूच, "ये, ये, भिऊ नगंस, ये गं बाई." थप्प! काठी हातातून गेली. सूनबाई दोन पावलं मागं आली, माझ्या पायावरच. मग पुढं वाकून शेवटपर्यंत बघत राहिली, शेपूट आत जाईपर्यंत. मी तिच्याकडं बघत होतो.

"व्हय," म्हणाली. "मेलेलीच हुती. मीच तोबऱ्यात हात घालून बघितलं न्हवं." मग दाराबाहेर येऊन, "कडी एक हाय, दोन लावा. आनि हितं कुनी ऊद लावू नगा हां."

लाला, उदाचं तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. तू एक तास बसलास, तेव्हा सगळा वेळ तुझ्या तोंडात तिच्याच हातचे पोहे होते. मी रात्रभर विचार केला. मग सकाळी उशी उचलून बघितली. तुझी पत्रं मी ठेवली होती त्यापेक्षा नीट घडी करून ठेवलेली.

आता पत्रं उशाखाली ठेवत नाही, उशीवर ठेवतो.

तुझा,
हंबीरराव


कोल्हापूर,
ता. ४ डिसेंबर १९०८

हंबीर,

तुझं पत्र सुगराला वाचून दाखवलं. सूनबाईनं काठी घेतली तिथं तिनं मला थांबवलं आणि परत पहिल्यापासून वाचायला लावलं. थप्पपर्यंत आलो तशी म्हणाली, "लेकुरवाळी हाय, तिलाच जमायचं हे."

सूनबाईचं जे तुला कळलं, ते मला आधीपासून ठाऊक होतं. कसं, ते विचारू नकोस. मी शब्द दिला आहे. तू माझी चूक हळदीवरून ओळखलीस तसं हे उदावरून ओळखलंस, म्हणजे माझ्या कानांचा मान आता तुझ्या नाकाला द्यायला हवा.

तबेला मोकळा मोकळा वाटतो. कोपऱ्यात पेटाऱ्याची जागा गोल उमटून राहिली आहे. लाल घोडी येता-जाता त्या बाजूला कान टवकारते. इलाही भेटेल तिथं विचारतो, चाचा, दुसरी कुठली शहाजादी येणार आहे का.

काल गुरुवार होता. सुगरानं महिन्यानं ऊद पेटवला. घरात फिरवला, तबेल्यात आली, एकेका घोड्यापाशी थांबली. मी बाजेवर पडून ऐकत होतो. बांगड्या त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग धुपाटण्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला आणि बांगड्या परत फिरल्या.

मी म्हटलं, "अगं, फिरव की तिथं बी. ती गेलीय आता."

"म्हायती हाय मला," सुगरा म्हणाली. "पर वास बसतोय जिमिनीला. उन्हाळ्यात माहेरपनाला येनार न्हाय का ती?"

तेव्हा होळी झाली की घेऊन ये. येताना सूनबाईला आणि पोराला घेऊन ये. गुडघ्याचं बघू नकोस, शिरोळ रोडला सोडायला गाडी सांग आणि इथं स्टेशनावर माझा टांगा उभा असेल. कोपरा तसाच ठेवला आहे.

तुझा,
लालासाब